सुरीची माघार : मुतखड्याच्या उपचारांचा इतिहास

इंग्लंडच्या आरमारी खात्यात सॅम्युएल पेपिस नावाचा एक कारकून होऊन गेला. 'कारकून' हा शब्द मी येथे कमीपणा दाखविण्यासाठी वापरीत नाही. १६६० साली त्यास जो हुद्दा मिळाला त्याचे नावच 'क्लार्क ऑफ द ॲक्ट्स' असे होते. आरमाराची दप्तरे, ठेके आणि हिशेब सांभाळता सांभाळता त्याने १६६० ते १६६९ या काळात जी रोजनिशी लिहिली, तिच्यामुळे त्याचे नाव आजवर टिकून राहिले आहे. परंतु त्या हुद्द्यावर बसण्यापूर्वी दोन वर्षे हा गृहस्थ जिवावरच्या प्रसंगातून गेला होता. २६ मार्च १६५८ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, एका नातलगाच्या घरी त्यास मेजावर आडवे करून हातपाय जखडण्यात आले आणि टॉमस हॉलियर नावाच्या शस्त्रवैद्याने त्याच्या बस्तीतून टेनिसच्या चेंडूएवढा खडा कापून काढला. भूल देण्याची विद्या तेव्हा अस्तित्वातच नव्हती. पेपिस त्यातून वाचला. पुढे दरवर्षी त्या तारखेस मेजवानी करण्याचा त्याने नेम धरला, आणि तो खडा ठेवण्यासाठी एक खास पेटीही करवून घेतली.

माणसे जन्मदिवस साजरा करतात, विवाहाचा दिवस साजरा करतात. आपण शस्त्रवैद्याच्या मेजावरून जिवंत उठलो तो दिवस साजरा करावासा वाटणे, यातच त्या काळी मुतखड्याची शस्त्रक्रिया म्हणजे काय होते हे कळून येते. आज त्याच व्याधीचा रोगी सकाळी रुग्णालयात जातो आणि पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी येतो. कित्येकांच्या अंगावर तर कोठे टाकासुद्धा दिसत नाही. या दोन टोकांमधील वाटचाल कशी झाली, ती कोणी केली आणि तिच्यातून आपण काय घ्यावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय आम्हां बदलीच्या नोकरदारांना परका नाही. पंजाब, राजस्थान, दिल्ली या वायव्येकडील कोरड्या आणि उष्ण पट्ट्यात मुतखड्याचे प्रमाण अधिक, ही गोष्ट वैद्यकात पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. कोकणातून किंवा देशावरून येथे आलेल्या माणसाच्या शरीरातील पाणी उन्हाळ्याच्या झळांनी घामावाटे निघून जाते; कचेरीत फायलींच्या ढिगाऱ्यामागे बसून त्यास पाणी पिण्याची आठवण राहत नाही; लघवी दाट होते आणि तीत विरघळलेले क्षार स्फटिकरूपाने एकत्र येऊ लागतात. पहिली कळ येते ती बहुधा अपरात्री, पाठीच्या एका बाजूस. ती खाली जांघेकडे उतरते आणि धडधाकट माणसास जमिनीवर लोळावयास लावते. अशा वेळी गावाकडून हुलग्याचे पाणी पिण्याचा सल्ला येतो, शेजारचे सरदारजी दुसरे काही सुचवितात, आणि 'ऑपरेशन' या शब्दाने घरातील वडीलधारी मंडळी गर्भगळीत होतात. ही भीती अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. तिच्यामागे निदान दोन हजार वर्षांचा अनुभव उभा आहे.

त्या अनुभवाचा पहिला तपशीलवार लेख आपल्याच देशात सापडतो. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे निदान आणि तिची चिकित्सा यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. वात, पित्त, कफ आणि शुक्र असे तिचे चार प्रकार सांगून, औषधांनी गुण न आल्यास शस्त्रकर्म कसे करावे याचे जे वर्णन सुश्रुताने केले आहे, ते वाचून आजचा शस्त्रवैद्यही चकित होईल. वैद्याने डाव्या हाताची बोटे गुदमार्गाने आत घालून खडा खाली आणावा. सेवनीच्या, म्हणजे मधल्या शिवणीच्या, डाव्या बाजूस जवाएवढे अंतर सोडून खड्याच्या मानाने छेद घ्यावा. टोकाशी वाकलेल्या शलाकेने खडा बाहेर काढावा. नंतर रोग्यास कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवावे, असा सर्व क्रम तेथे आहे. दोन गोष्टी मात्र विशेष ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, शस्त्र न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास संशय, अशी अवस्था असल्यामुळे वैद्याने आधी राजाची अनुज्ञा घ्यावी, असे तो बजावतो. दुसरी म्हणजे, खडा फुटून त्याचा चुरा आत राहू देऊ नये, कारण राहिलेला लहानसा कणही पुन्हा वाढतो, असे तो सांगतो. हे दुसरे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढील सारा इतिहास या उरलेल्या कणाशी झगडण्यात गेला आहे.

पश्चिमेकडेही हीच कथा आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या वैद्यांच्या शपथेत, मी मुतखड्यासाठी कापणार नाही, ते काम त्या कामातील लोकांकडे सोपवीन, अशा आशयाचे कलम आहे. इ. स. च्या पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने या शस्त्रक्रियेचे सविस्तर वर्णन केले आणि ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांवरच करावी असे सुचविले. त्याच्याच ग्रंथात अलेक्झांड्रियाच्या अमोनियसचा उल्लेख आहे. खडा मोठा असल्यास तो आतल्या आत दुभंगून काढण्याची युक्ती या अमोनियसने केली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा सारा जुना इतिहास बस्तीतील, म्हणजे मूत्राशयातील, खड्याचा आहे. मूत्रपिंड पाठीच्या आत, फासळ्यांच्या आडोशाला दडलेले असल्यामुळे तेथवर पोहोचण्याचे धाडस कोणी करीत नसे. मूत्रपिंडाच्या खड्याने पीडलेल्या माणसास तो आपोआप खाली उतरण्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. बस्तीतला खडा हातास लागत असे, म्हणून शस्त्रवैद्यांची विद्या तेथे वाढली आणि तेथेच तिची परीक्षाही झाली.

अठराव्या शतकात ही विद्या हस्तकौशल्याच्या शिखरावर पोहोचली. लंडनच्या विल्यम चेसेल्डनने १७२७ पासून बाजूने छेद घेण्याची पद्धत रूढ केली. तो एका मिनिटाच्या आसपास खडा बाहेर काढीत असे अशी त्याची ख्याती होती. त्याने केलेल्या २१३ शस्त्रक्रियांत २० रोगी दगावले, आणि हा आकडा त्या काळी अत्यंत उत्तम समजला जाई. उत्तमातल्या उत्तम हाताखाली दहांतला एक जण जात असेल, तर सामान्य हाताखाली किती जात असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. फ्रान्सचा संगीतकार मारँ मारे याने १७२५ साली या शस्त्रक्रियेचे टप्प्याटप्प्याने वर्णन करणारी एक वाद्यरचनाच प्रसिद्ध केली. लोकांच्या मनावर या प्रसंगाचा केवढा पगडा होता याचे याहून वेगळे प्रमाण नको.

अशा काळात सुरीस टाळण्याचा एक विलक्षण प्रयत्न आपल्या लखनौत झाला. क्लोद मार्तँ हा मूळचा फ्रान्समधील लियों शहराचा. १७३५ साली जन्मलेला हा गृहस्थ कंपनीच्या फौजेत शिरला आणि पुढे लखनौस अवधच्या नबाबाच्या शस्त्रागाराचा अधिकारी होऊन राहिला. तोफा ओतणे, घड्याळे दुरुस्त करणे, इमारती उभारणे यांत त्याचा हात वाकबगार होता. त्यास बस्तीत खडा झाला तेव्हा शस्त्रवैद्यापुढे मान तुकविण्याऐवजी त्याने स्वतःच एक बारीक कानस तयार केली. पोकळ नळीतून ती मूत्रमार्गाने आत सरकवून, उभ्याने किंवा ओणवे होऊन, दिवसातून अनेक वेळा तो आतला खडा घासू लागला. महिनोन् महिने हा उद्योग चालला आणि खड्याचा चुरा लघवीवाटे बाहेर पडत गेला. हा प्रकार १७८२ सालचा. मार्तँ १८०० साली लखनौसच वारला. त्याच्या संपत्तीतून निघालेल्या ला मार्टिनिअर शाळा आणि त्याने बांधलेली कॉन्स्टान्शिया ही वास्तू उत्तरेस राहिलेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांनी पाहिली असेल. सुरी न लावता, नैसर्गिक मार्गाने आत जाऊन खडा झिजविण्याचा एवढा तपशीलवार नोंदलेला असा प्रयोग त्यापूर्वीचा क्वचितच सापडेल; आणि तो केला तो वैद्याने नव्हे, एका तोफखान्याच्या कारागिराने.

मार्तँने स्वतःपुरते जे साधले त्याचे शास्त्र बनविले ते पॅरिसच्या झाँ सिव्हियाल याने. सिव्हियाल १७९२ साली फ्रान्सच्या डोंगराळ ओव्हेर्न्य प्रांतात जन्मला. विद्यार्थिदशेत तो खडा विरघळविणारे औषध शोधीत होता. औषध बस्तीत सोडावयाचे तर खडा आत धरून ठेवला पाहिजे, या विचारातून त्याने एक उपकरण योजले. मग औषध मागे पडले आणि उपकरण पुढे आले. सरळ नळी, तिच्या आत तीन लवचिक नख्या, आणि त्या नख्यांच्या मधून जाणारे गिरमीट अशी त्याची रचना होती. नळी मूत्रमार्गाने आत गेली की नख्या उघडावयाच्या, खडा कवेत धरावयाचा, आणि सुतार लाकडास भोक पाडतो त्याप्रमाणे दोरीच्या कमानीने गिरमीट फिरवून खड्यास भोके पाडावयाची; खडा ठिसूळ झाला म्हणजे त्याचे तुकडे लघवीवाटे निघून जात. बैठक काही मिनिटांची असे आणि एकाच रोग्यास अशा अनेक बैठका लागत. १३ जानेवारी १८२४ रोजी पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात, विज्ञान अकादमीने नेमलेल्या पर्सी आणि शोसिए यांच्यासमक्ष, त्याने हा प्रयोग जिवंत रोग्यावर करून दाखविला. शरीर न चिरता आतला रोग काढण्याची जी शाखा आज शस्त्रक्रियेत सर्वत्र पसरली आहे, तिचा आरंभ पुष्कळ इतिहासकार या तारखेपासून मानतात.

अशा शोधानंतर हक्काचे तंटे झाले नसते तरच नवल. लरुआ देत्योल, आम्यूसा, अर्तलू अशा अनेकांनी 'ही कल्पना मूळची आमची' म्हणून दावे केले आणि वर्षानुवर्षे अकादमीपुढे कागद लढविले. त्या तंट्यांत आपणास शिरण्याचे कारण नाही. परंतु सिव्हियालने पुढे जे केले ते माझ्यासारख्या आकड्यांच्या मनुष्यास त्या उपकरणाहूनही मोलाचे वाटते. त्याने यादी केली. युरोपातील निरनिराळ्या रुग्णालयांत जुन्या पद्धतीने किती जणांवर शस्त्रक्रिया झाली, त्यांतले किती मेले, याची हजारोंची नोंद त्याने गोळा केली आणि तिच्या शेजारी आपल्या रोग्यांचा हिशेब मांडला. जुन्या पद्धतीत शंभरांत सुमारे वीस जण दगावत होते. नव्या पद्धतीत शंभरांत दोन-अडीच. १८३५ साली विज्ञान अकादमीने हा हिशेब तपासण्यासाठी एक समिती नेमली. तीत प्वासाँ हा गणिती, द्युलाँ हा भौतिकशास्त्रज्ञ, आणि लारे व दूब्ल हे वैद्य होते. वैद्यकातील उपचाराचा निवाडा करावयास गणिती बसावा, हाच मुळी एक नवा प्रकार होता.

त्या निमित्ताने झालेला वाद आजही शिळा झालेला नाही. रोगी ही एकेकटी व्यक्ती असते, तिला सरासरीत कोंबता येत नाही, असा एका पक्षाचा आक्षेप होता. दुसरा आक्षेप अधिक नेमका होता : सिव्हियाल आपल्या पद्धतीस योग्य असेच रोगी निवडतो, ज्यांचा खडा फार मोठा, ज्यांची प्रकृती खालावलेली, ते सुरीकडे जातात, मग सुरीच्या वाट्यास अधिक मृत्यू यावेत यात नवल ते काय? हा आक्षेप खरा होता आणि त्याने आकड्यांतील तफावत काही अंशी कमी होत होती. तरीही ती नाहीशी होत नव्हती. मोठ्या नावाच्या शस्त्रवैद्याने 'माझ्या अनुभवात असे आहे' म्हणावे आणि इतरांनी मान डोलवावी, ही रीत येथून ढासळू लागली. यापुढे अनुभव सांगावयाचा तर किती रोग्यांचा, कशा रोग्यांचा आणि त्यांतले किती वाचले, हे सांगणे भाग पडले. जमा आणि खर्च दोन्ही बाजू दाखविल्याखेरीज हिशेब मंजूर होत नाही, हा दप्तरी नियम वैद्यकात शिरला, असे म्हणावयास हरकत नाही.

नवी पद्धत निर्दोष होती असे मात्र समजू नये. भूल नाही, जंतूंचे ज्ञान नाही, आत काय चालले आहे ते दिसत नाही. सारा कारभार हाताच्या स्पर्शावर. शिवाय तुकडे बस्तीत राहत आणि सूज, ताप, पू यांना निमंत्रण देत. फ्रान्सचा पदच्युत सम्राट तिसरा नेपोलियन हे याचे प्रसिद्ध उदाहरण. १८७० साली सेदाँच्या रणांगणावर तो या व्याधीच्या वेदना सोशीतच घोड्यावर बसला होता. इंग्लंडमध्ये आश्रयास असताना हेन्री टॉम्प्सन या नामांकित शस्त्रवैद्याने जानेवारी १८७३ मध्ये दोन बैठकांत त्याचा खडा फोडला. तिसऱ्या बैठकीपूर्वीच, ९ जानेवारीस, तो मरण पावला. याच टॉम्प्सनने दहा वर्षांपूर्वी बेल्जियमचा राजा पहिला लिओपोल्ड यास बरे केले होते. हात तोच, पद्धत तीच. फरक पडला तो रोग्याच्या मूत्रपिंडांच्या अवस्थेत.

सुश्रुताने बजावलेल्या त्या उरलेल्या कणांचा बंदोबस्त केला तो बॉस्टनच्या हेन्री बिगेलो याने. १८४६ नंतर ईथरची भूल हाताशी आली होती. तिचा लाभ घेऊन १८७८ साली बिगेलोने असा क्रम बसविला की, खडा एकाच बैठकीत पूर्णपणे फोडावा, आणि रुंद नळी व रबरी फुगा यांच्या साह्याने पाणी आत-बाहेर करून सगळा चुरा तेव्हाच धुऊन काढावा. अनेक लहान बैठकांच्या जागी एक लांब बैठक आली आणि रोग्याची शिक्षा सरली.

या पद्धतीची खरी शाळा हिंदुस्थानात भरली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास माहीत नसते. त्या काळी उत्तर हिंदुस्थानात बस्तीचा खडा मुलांमध्येही सर्रास आढळे. दूधदुभत्याचा अभाव आणि केवळ धान्यावर होणारे पोषण हे त्याचे कारण म्हणून पुढे मानले गेले. लहान मुलाचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने त्याच्यावर सुरीच चालविली पाहिजे, असा युरोपातील ग्रंथांचा दंडक होता. तो खोटा ठरविला डी. एफ. कीगन या शस्त्रवैद्याने. आणि तोही कोठे, तर होळकरांच्या इंदुरास, रेसिडेन्सीच्या रुग्णालयात. बारीक उपकरणे आणि सावध हात यांच्या बळावर त्याने १८८० नंतरच्या दशकात मुलांच्या खड्यांवर बिगेलोची पद्धत यशस्वी करून दाखविली आणि १८८७ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या मराठी वस्तीच्या त्या शहरात माळव्यातील गोरगरिबांच्या मुलांवर जे सिद्ध झाले, ते लंडनच्या वैद्यांना मागाहून शिकावे लागले.

दुसरा असाच वैद्य पीटर फ्रेयर. संयुक्त प्रांतात सरकारी नोकरी करीत असता त्याने शेकडो खडे फोडले. रामपूरच्या नबाबास त्याने बरे केले तेव्हा नबाबाने खूश होऊन त्यास एक लाख रुपये दिले. सरकारी नोकराने संस्थानिकाकडून एवढी रक्कम घ्यावी की नाही, यावरून हिंदुस्थान सरकारने हरकत घेतली आणि प्रकरण बरेच गाजले. भेटी आणि बक्षिसे यांविषयीच्या वर्तणूक-नियमांशी आमचा नित्याचा संबंध असल्यामुळे, मुतखडाही त्या नियमांच्या कक्षेत येऊन गेला आहे हे वाचून वाचकांस गंमत वाटेल.

आता मूत्रपिंडाकडे वळू. तेथे सुरी पोहोचली तीच मुळी उशिरा. हायडेलबर्गच्या गुस्टाव्ह सिमोनने १८६९ साली पूर्ण योजनेने एका स्त्रीचे एक मूत्रपिंड काढले आणि माणूस दुसऱ्याच्या आधारावर जगू शकतो हे सिद्ध झाले. १८८० साली लंडनच्या हेन्री मॉरिसने मूत्रपिंड कापून त्यातला खडा काढला. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या जॉन मॅकिन्टायरने मूत्रपिंडातील खड्याचे छायाचित्र घेतले. शत्रूचे ठिकाण आता दिसू लागले; पण तेथे जाण्याची वाट मात्र कुशीवर वीतभर छेद घेऊनच होती. वेळप्रसंगी बरगडीचा तुकडा काढावा लागे. स्नायू कापले जात, जखम भरण्यास आठवडे लागत, आणि खडा पुन्हा झाला म्हणजे त्याच व्रणातून पुन्हा वाट काढावी लागे. विसाव्या शतकाचा तीनचतुर्थांश काळ असाच गेला. आमच्या वडिलांच्या पिढीने 'मुतखड्याचे ऑपरेशन' म्हणून जे पाहिले ते हेच. त्यांच्या मनातील धास्ती अनाठायी का नव्हे, ते यावरून ध्यानात यावे.

सुरीस माघार घ्यावयास लावली ती प्रथम दृष्टीने. बर्लिनच्या माक्स निट्झेने १८७७ ते १८७९ या काळात बस्तीच्या आत दिवा आणि भिंगे नेणारी दुर्बीण सिद्ध केली. पुढे इंग्लंडच्या हॅरॉल्ड हॉपकिन्सने काचेच्या दंडांची भिंगयोजना करून तीतील प्रतिमा लख्ख केली. याच हॉपकिन्सने पंजाबात मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी या तरुण संशोधकासह, काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडीतून प्रतिमा वळणावळणाने नेता येते असे १९५४ साली 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले. त्यानंतर वाकणाऱ्या दुर्बिणी आल्या आणि मूत्रमार्ग, बस्ती, मूत्रवाहिनी या क्रमाने, एकही छेद न घेता, थेट मूत्रपिंडाच्या पोकळीपर्यंत डोळा पोहोचू लागला.

दुसरी वाट पाठीतून निघाली. तुंबलेले मूत्रपिंड मोकळे करण्यासाठी पाठीतून सुई घालून नळी ठेवण्याची पद्धत १९५५ साली गुडविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडली होती. ती वाट खड्यासाठी का वापरू नये, असा विचार करून स्टॉकहोमच्या फर्नस्ट्रोम आणि योहान्सन या दोघांनी खास त्याच हेतूने पाडलेल्या छिद्रातून खडे काढल्याचे १९७६ साली प्रसिद्ध केले. बोटभर रुंदीची वाट, तीतून दुर्बीण, दुर्बिणीतून खडा फोडण्याचे साधन, असा हा प्रकार. आपल्याकडे लोक 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतात ते बहुधा हे किंवा मूत्रमार्गाने जाणारे.

तिसरी वाट मात्र कोणाही वैद्याच्या स्वप्नात नव्हती. जर्मनीत डॉर्निअर ही विमाने बांधणारी कंपनी. अतिवेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचा थेंब आदळला तर पत्र्याच्या आत नुकसान कसे होते, याचा तेथे अभ्यास चालला असता, आघाताची लहर पदार्थातून दूरवर जाऊन फुटते हे ध्यानी आले. पाणी आणि मानवी मांस यांची घनता जवळजवळ सारखी. म्हणून पाण्यात उठविलेली लहर शरीरात फारशी अडखळत नाही. पण मार्गात कठीण खडा आला की तिचा जोर तेथे प्रकट होतो आणि खड्यास तडे जातात. अंडाकृती परावर्तकाच्या एका नाभीवर पाण्याखाली विजेची ठिणगी पाडावयाची आणि दुसऱ्या नाभीवर रोग्याचा खडा येईल असे त्यास बसवावयाचे, अशी योजना झाली. म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी, एगबर्ट श्मिट, डीटर योखाम आणि वॉल्टर ब्रेंडेल यांनी प्राण्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून, ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रोग्यावर हा उपचार केला. रोगी पाण्याच्या मोठ्या टाकीत, बाहेर ठिणग्यांचा कडकडाट, दोन बाजूंनी क्ष-किरणांचा पहारा. एक हजारांहून अधिक लहरी, आणि शरीरावर एकही छेद नाही. १९८४ च्या अखेरीस अमेरिकेने या यंत्रास मान्यता दिली आणि दशक संपण्यापूर्वी ते जगभर पसरले. पुढे टाकी जाऊन तिच्या जागी पाण्याची उशी आली.

लहरींनी सारे प्रश्न सुटले, असे मात्र झाले नाही. लहरीने खडा फुटतो, पण चुरा आपल्या पायांनीच बाहेर पडावा लागतो. मोठ्या खड्याचे तुकडे मूत्रवाहिनीत रांग लावून अडकतात, मूत्रपिंडाच्या तळच्या कप्प्यातील कण वर चढून येत नाहीत, आणि काही जातींचे खडे इतके कठीण असतात की लहरींस दाद देत नाहीत. सुश्रुताचा उरलेला कण येथे पुन्हा उभा राहतो. म्हणून १९९० नंतर होल्मियम लेसरचा वापर सुरू झाला. वाकणाऱ्या दुर्बिणीतून केसासारखा तंतू खड्यापर्यंत नेऊन प्रकाशाने त्याची पूड करावयाची, अशी ही युक्ती आहे. पाठीतील छिद्रही आक्रसत गेले. गुजरातेतील नडियाद येथे १९७८ साली निघालेल्या मूलजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालयात महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जिच्यातूनच पाहता येते आणि खडा फोडताही येतो अशी जवळजवळ सुईएवढी वाट २०११ साली जगापुढे मांडली. कीगनच्या इंदुरापासून नडियादपर्यंतचे हे अंतर नकाशावर थोडेच आहे.

आज साधारण रीत अशी आहे : चार-पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा पाणी आणि वेदनाशामक औषधे यांवर आपोआप उतरतो, मूत्रपिंडात दोन सेंटिमीटरपर्यंतचा असल्यास लहरी किंवा मूत्रमार्गाने जाणारी दुर्बीण, त्याहून मोठा किंवा शिंगाप्रमाणे फाटे फुटलेला असल्यास पाठीतील छिद्र. गर्भवती स्त्रीवर आणि रक्त न गोठण्याचा विकार असणाऱ्यांवर लहरींचा उपचार करीत नाहीत. छेद लहान म्हणून धोका नाही, असेही नव्हे. पाठीतील वाटेने रक्तस्राव होऊ शकतो. तुंबलेल्या मूत्रपिंडात जंतू शिरून ताप चढला तर तो घटकेत जीवघेणा ठरतो, आणि तेव्हा खडा नंतर, आधी तुंबलेली लघवी मोकळी करावी लागते. सिव्हियालच्या काळातला प्रश्न म्हणून रोग्याने आजही विचारावा : माझ्यासारख्या किती जणांवर आपण हा उपचार केला, त्यांतल्या किती जणांत खड्याचे कण उरले आणि किती जणांस पुन्हा यावे लागले?

बदलीच्या नोकरदारांसाठी या इतिहासाचा एक विशेष अर्थ आहे. उपचारानंतर लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून मूत्रवाहिनीत एक मऊ नळी ठेवतात. तिला डी. जे. स्टेंट म्हणतात. ती ठराविक आठवड्यांत काढावयाची असते. माझ्या परिचयाच्या एका सहकाऱ्याची बदली नेमकी त्याच सुमारास झाली. सामान बांधणे, मुलांच्या शाळा, नव्या ठिकाणी घराचा शोध यांत नळीची गोष्ट मागे पडली. पूर्वीच्या शहरातील वैद्य त्यास शोधू शकले नाहीत आणि नव्या शहरातील वैद्यास नळी असल्याचे ठाऊक नव्हते. पावणेदोन वर्षांनी दुखू लागले तेव्हा त्या नळीवरच खड्याचे कवच चढलेले आढळले, आणि एका लहानशा कामासाठी तीन वेळा भूल घ्यावी लागली. सेवापुस्तक आपल्या मागोमाग खात्यातून खात्यात फिरते. रोगाचे कागद मात्र आपले आपणच वाहून न्यावे लागतात. नळी बसविल्याची तारीख आणि काढावयाची तारीख घरातील दोन माणसांस तरी माहीत असावी.

खडा निघाला म्हणजे प्रकरण निकालात निघाले, असेही नाही. पाच-दहा वर्षांत शंभरांतल्या तीस ते पन्नास जणांना तो पुन्हा होतो, असे साधारणतः मानले जाते. रोज दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी, मिठास आवर, आणि निघालेल्या खड्याची प्रयोगशाळेत तपासणी हा त्यावरचा साधा इलाज. त्यास ना लेसर लागतो ना लहर. उत्तरेच्या उन्हाळ्यात मेजावर पाण्याचा तांब्या भरलेला ठेवणे आणि संध्याकाळी तो रिकामा झाला की नाही हे पाहणे, एवढे तर आम्हां कारकुनांस जमण्यासारखे आहे.